कंदाच्या पोटात काय असतं?



मटकीला मोड आणण्याचा उपक्रम आपण सगळेच घेतो. दोन दिवसांत मोड येतात, मुलं खूश होतात आणि विषय संपतो. त्यापुढची पायरी म्हणून घरात खिडकीशी फुलाचा कंद लावून बघा. इथे मुलाला वाट बघावी लागते, आणि वाट बघता बघता ते निरीक्षण करायला शिकतं. पहिली-दुसरीच्या मुलांना हे छान जमतं.

साहित्य : रोपवाटिकेतून आणलेला लाल लिलीचा, म्हणजे अमरिलिसचा, मोठा टणक कंद, कंदापेक्षा थोडीच मोठी, तळाला भोक असलेली कुंडी, भुसभुशीत माती, एक कांदा आणि काचेचा ग्लास.

आधी काळजी : लिलीचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, पण तो विषारी असतो. पोटात गेला तर उलट्या होतात. म्हणून तो स्वयंपाकघरात ठेवू नका. मुलाला हे स्पष्ट सांगा आणि हाताळल्यावर हात धुवायला लावा.

कृती : जानेवारी-फेब्रुवारीत कंद लावा. मुळांची बाजू खाली आणि कंदाचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर राहू द्या. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचंच घाला, नाहीतर कंद कुजतो. त्याच दिवशी कांदा ग्लासच्या तोंडावर असा बसवा की पाणी फक्त त्याच्या बुडाला टेकेल. एक दिवसाआड पाणी बदला.

निरीक्षण : कांद्याची पांढरी मुळं आठवडाभरात दिसू लागतात. मातीत काय चाललंय, याचा अंदाज मुलाला त्यावरून येतो आणि कंद उकरून बघायचा मोह आवरतो. लिलीचा कोंब आला की दर रविवारी त्याच्या उंचीएवढी कागदी पट्टी कापून वहीत शेजारी शेजारी चिकटवा. आलेख तयार! कोंब खिडकीकडे झुकला की लगेच कुंडी फिरवू नका. "असं का झालं असेल?" हे आधी विचारा.

खरा प्रश्न : दोन-तीन आठवड्यांनी कांदा हातात द्या. हिरवी पात लांब झालेली असते, पण कांदा मऊ पडलेला असतो. "माती नाही, खत नाही. मग पात वाढली कशावर?" उत्तर सांगायची घाई करू नका. पानांसाठीचं अन्न कंदाच्या थरांमध्ये साठवलेलं होतं, हे मुलाच्या बोटांनाच कळू द्या.

चांगला पोसलेला कंद साधारण 6 ते 8 आठवड्यांत फुलतो. लहान कंदाला पहिल्या वर्षी नुसती पानंही येतात. फूल गेल्यावर पानं कापू नका, पुढच्या वर्षीची शिदोरी तीच भरतात.

आणि कंद कुजलाच तर? मूल झोपल्यावर गुपचूप दुसरा लावू नका. दोघं मिळून तो बाहेर काढा, पाणी जास्त झालं होतं का ते बघा आणि नवा कंद मुलाच्याच हातानं लावा. फूल आलं नाही तरी मूल यातून बरंच शिकतं.

नक्की करून बघा!