मंडपात गाणे गढूळ का झाले?

अंबरनाथ पूर्वेला राहणारा नववीतला एक मुलगा गणपती संपल्यावर एके दिवशी शाळा सुटता सुटता माझ्याकडे आला. चेहरा पडलेला. बदलापूरला त्याच्या मामांच्या वसाहतीत गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात त्याने घरी संगणकावर तयार केलेला एक रीमिक्स लावला होता. अर्ध्या मिनिटातच ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्याने तो बंद केला.

"सर, घरी मस्त वाजत होतं. तिथे नुसती धडधड आणि वर किरकिर. डिसेंबरात स्नेहसंमेलनात लावायचं म्हणत होतो, पण आता धीर होत नाही."

मी त्याला विचारले, "घरी कोणी ऐकलं होतं का?"

"आईने. ती म्हणाली, फार धडधडतंय. पण मला तर तसं काही वाटत नव्हतं."

हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा. सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यात आहे.

गाणे होते 'टेट्रिस' या खेळाचे. वरून पडणारे ठोकळे जुळवत जाण्याचा हा खेळ मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तयार केला. १९८९ साली तो 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला तेव्हा त्याला जी धून दिली गेली, ती 'कोरोबेइनिकी' या एकोणिसाव्या शतकातील रशियन लोकगीताची. लोकगीताची चाल कोणीही वाजवावी. खेळातले मूळ ध्वनिमुद्रण मात्र कंपनीच्या मालकीचे असते. आमच्या विद्यार्थ्याने ते उचलले नव्हते, सगळे स्वतः वाजवले होते. हे त्याने चांगले केले.

गेम बॉयमध्ये आवाज निर्माण करणाऱ्या वाटा चारच होत्या. दोन चौकोनी तरंगांच्या, एक हव्या त्या आकाराच्या तरंगाची आणि एक नुसत्या खरखरीची. एका वाटेवर एका वेळी एकच स्वर. ही केवढी अडचण, असे तुम्ही म्हणाल. पण या अडचणीमुळेच संगीतकाराला प्रत्येक आवाजाची जागा विचार करून ठरवावी लागे. चाल एकीकडे, साथ तिच्या खाली, तळाशी खर्ज आणि तालाला खरखर. कोणी कोणाच्या अंगावर येत नसे. आमच्या विद्यार्थ्याच्या संगणकात वाटांना मर्यादा नव्हती. त्याने सतरा वापरल्या होत्या!

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद. एका भिंतीशी टेबल, त्यावर उल्हासनगरच्या बाजारातून आणलेले दोन स्पीकर, आणि हा खुर्ची टाकून बरोबर खोलीच्या मध्यभागी बसलेला. आई स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे मागच्या भिंतीलगत उभी. गाणे सुरू झाले. मी मुलाशेजारी उभा होतो तेव्हा खर्ज बेताचा वाटला. मग मी चार पावले मागे, आईंच्या शेजारी गेलो. छातीत धडधडू लागले!

याचे गणित सोपे आहे. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत ध्वनितरंग पुढे-मागे आपटत राहतो. ज्या तरंगाची अर्धी लांबी बरोबर खोलीच्या लांबीइतकी असते, तो तिथे ठाण मांडून बसतो. त्याला स्थिर तरंग म्हणतात. येथे तरंगलांबी झाली ६.१ मीटर. तीस अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. ३४९ ला ६.१ ने भागा: वारंवारता येते सुमारे ५७ हर्ट्झ. आणि आमच्या विद्यार्थ्याच्या धुनेतला सर्वांत जास्त वाजणारा खर्जाचा स्वर होता ५५ हर्ट्झचा!

आता भिंतीशी काय होते ते पाहा. तेथे हवेच्या कणांना हलायला जागा नसते, म्हणून दाब मात्र जास्तीत जास्त वरखाली होतो. खोलीच्या मध्यावर उलट असते. तेथे हवा हलते, पण दाब जवळजवळ बदलत नाही. आपला कान ओळखतो तो दाबातला फरक. म्हणून मध्यावर बसलेल्या मुलाला तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नव्हता आणि दारातल्या आईला तो दणदणीत ऐकू येत होता. मुलाला वाटले, खर्ज कमी पडतो आहे. त्याने तो आठ डेसिबेलने वाढवला. आठ डेसिबेल म्हणजे किती? तरंगाचा आयाम अडीच पट आणि शक्ती सहा पटींहून थोडी जास्त. बदलापूरच्या मंडपाला भिंतीच नव्हत्या. तिथे खर्ज झाकणारे काही उरले नाही, शिवाय स्पीकर मोठे. जितका वाढवला होता तितका सगळा बाहेर आला.

आईचा कान मुलाच्या कानापेक्षा तिखट होता असे नव्हे. ती योग्य जागी उभी होती इतकेच.

दुसरेही एक कारण निघाले. वडिलांची सकाळची पाळी, त्यामुळे हा रात्री आवाज अगदी बारीक ठेवून काम करी. बारीक आवाजात आपला कान खर्जाला फार कमी दाद देतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली प्रयोगांनी हे मोजून दाखवले. मोठ्याने वाजवल्यावर तोच खर्ज एकदम वर येतो.

उपाय म्हणून खुर्ची पुढे ओढली. समोरच्या भिंतीपासून पाच फुटांऐवजी साडेतीन-चार फुटांवर. मग त्यालाच पहिल्यांदा दचकायला झाले. खर्ज आठ डेसिबेलने खाली आणला, आणि प्रत्येक बदलानंतर उठून एकदा दारात जाऊन ऐकायचे असे ठरले. हा प्रयोग तुम्हीही करू शकाल. खोलीची लांबी मीटरमध्ये मोजा, तिच्या दुपटीने ३४९ ला भागा, तेवढ्या वारंवारतेचा एकच लांब स्वर संगणकावर तयार करा आणि बेताच्या आवाजात लावून खोलीत हळूहळू चाला. स्पीकर जरा मोठा हवा. मोबाईलमधून हा स्वर निघणार नाही.

धडधडीचे झाले. किरकिर कुठून आली?

संगणक ध्वनितरंगाची उंची आकड्यांत लिहून ठेवतो. नेहमीच्या सोळा बिटांच्या पद्धतीत सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. एका वाद्याचा तरंग एखाद्या क्षणी २०,००० वर असेल आणि दुसऱ्याचाही २०,००० वर, तर बेरीज ४०,००० होते. ती लिहायला जागाच नाही, म्हणून तरंगाचे शेंडे ३२,७६७ वर सपाट कापले जातात. गंमत पाहा, शेंडे कापलेला तरंग चौकोनी दिसू लागतो! म्हणजे या पठ्ठ्याने मेहनतीने बासरी वाजवली आणि शेवटी तिचा गेम बॉय करून टाकला. आम्ही सतराही वाटा सारख्या प्रमाणात खाली आणल्या, इतक्या की बेरजेचा सर्वांत उंच शेंडाही कमाल उंचीच्या निम्म्यावर, म्हणजे सहा डेसिबेल खाली राहील. गाणे बारीक वाटले तर स्पीकरचा आवाज वाढवावा. मिश्रणातला वाढवू नये.

तरीही बासरी ऐकू येईना. "सर, बासरी वाढवू का?" हा प्रश्न त्याने चार वेळा विचारला असेल. बासरी वाढवली की पेटी दबे, पेटी वाढवली की चाल दबे. सगळे वाढवले की पुन्हा शेंडे कापले जात. एका आवाजामुळे दुसरा ऐकू न येणे, याचा शास्त्रज्ञ फार पूर्वीपासून विचार करीत आले आहेत. अमेरिकेतील आल्फ्रेड मेयर यांनी १८७६ सालीच नोंदले होते की खालचा जोरदार स्वर वरच्या स्वराला सहज झाकतो, पण वरचा खालच्याला तितका झाकत नाही. याची प्रचीती रोज येते. बदलापूर लोकलमध्ये चाकांची घरघर सुरू झाली की शेजारच्याचे बोलणे कळत नाही.

येथे झाकणारा कोण होता? मुख्य चालीचा चौकोनी तरंग. त्याचा पहिला स्वर ६५९ हर्ट्झचा. पण चौकोनी तरंग एकटा कधीच येत नाही. त्याच्याबरोबर तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे स्वर येतात, म्हणजे १,९७७, ३,२९५, ४,६१३ हर्ट्झ. आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो सुमारे दोन हजार ते पाच हजारांच्या पट्ट्यात, आणि हा पाहुणा सहकुटुंब नेमका तिथेच येऊन बसतो. बासरीचा आवाज त्यामानाने साधा, वरच्या स्वरांची फौज लहान. ती त्याच सप्तकात तीच चाल वाजवीत होती. कशी ऐकू येणार?

म्हणून वाढवण्याऐवजी काढायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात चौकोनी तरंग गप्प, बासरी एकटी. पेटी एक सप्तक खाली, तीही फक्त जिथे चाल थांबते तिथे. सतरा वाटांतल्या सहा तर आम्ही सरळ बंद केल्या, आणि त्या बंद झाल्याचे आईंच्या लक्षातही आले नाही! बासरीच्या ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर आणि दूरच्या लोकलची गडगड होती. त्याच्या बासरीचा सर्वांत खालचा स्वर २४० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे २०० च्या खाली जे काही आहे ते बासरीचे नाही. तेवढा भाग चाळणीने काढावा तसा काढला. वादनाला धक्का लागला नाही आणि खर्जाला जागा मोकळी झाली.

तबल्याची गोष्ट निराळी. तबल्याचा आवाज कुठूनतरी घेतलेला, काळी एक पट्टीतला. धून मात्र बहुतेक पांढऱ्या पट्ट्यांवरची. काळी एक म्हणजे सुमारे २७७ हर्ट्झ आणि तिच्या शेजारची पांढरी एक २६२. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला सुमारे पंधरा ठोके पडतात आणि कानाला खरखरीत वाटते. ढोलासारखे वाद्य असते तर इतके जाणवले नसते. पण तबल्याला शाई असते. त्या शाईमुळे तबला व मृदंग यांचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर'मध्ये दाखवून दिले. तबला सुरात लावता येतो तो म्हणून, आणि बेसूर झाला तर चटकन खटकतो तोही म्हणूनच. संगणकावर तबला दीड स्वर चढवून पांढरी तीनवर आणला. धुनेचा षड्ज पांढरी सहा, तेव्हा तबला पंचमात लागला. तबलजीही कधी कधी असेच करतात.

खोलीच्या उघड्या भिंतींचेही काहीतरी करायला हवे होते. टाळी वाजवली की दोन भिंतींमध्ये 'टर्रर्र' असा आवाज उठे. उल्हासनगर येथून जवळच. १९४९ साली फाळणीच्या निर्वासितांच्या वसाहतीतून उभे राहिलेले हे शहर. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर सांगतात. जीन्सच्या शिलाईसाठी ते ओळखले जाते. मुलाच्या ओळखीच्या एका कारखान्यातून चिंध्यांच्या दोन गोण्या मिळाल्या. जाड सुती चिंध्यांच्या फटींतून हवा जाताना घर्षण होते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत जाते. गोण्या कोपऱ्यांत ठेवल्या, आणि आजीची गोधडी बाजूच्या भिंतीवर, पण भिंतीला चिकटवून नव्हे, चार इंच पुढे. कारण मघाशीच पाहिले: भिंतीलगत हवा हलतच नाही. जिथे हवा हलते तिथे कापड हवे. टर्रर्र थांबली. ५७ हर्ट्झचा तरंग मात्र गोण्यांना दाद देईना. सहा मीटर लांबीच्या तरंगापुढे हातभर गोणी ती काय करणार! त्याला खुर्ची सरकवणे हाच उपाय.

एक सवय मात्र त्याला मुद्दाम लावावी लागली. जुने आणि नवे मिश्रण आलटून पालटून ऐकताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करायचा. एखाद-दोन डेसिबेलने मोठे असलेले आपल्याला 'जास्त चांगले' वाटते, आणि मोठे आहे म्हणून वाटते हे कळत नाही. पहिल्या रात्री त्याने स्वतःला असेच तीनदा फसवून घेतले. मग त्याने डोळे मिटायचे आणि धाकट्या बहिणीने न सांगता एक किंवा दुसरे लावायचे, अशी रीत पाडली. बहिणीला हा खेळ फार आवडला. ती मधूनच एकच मिश्रण दोनदा लावी आणि भावाने "दुसरं बरं आहे" म्हटले की हसत सुटे.

डिसेंबरात स्नेहसंमेलनात गाणे पूर्ण वाजले. कोणीतरी मोबाईलवर त्याचे मुद्रण करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तो मला ते ऐकवायला आला. "सर, मोबाईलचा स्पीकर एवढासा. त्यातून ५५ हर्ट्झ निघत नाही असं तुम्हीच म्हणालात. मग मला खर्ज ऐकू कसा येतोय?"

प्रश्न उत्तम होता. मोबाईलमधून ५५ खरोखरच निघत नाही. पण शेवटच्या आठवड्यात आम्ही खर्जाचा गुळगुळीत तरंग बदलून थोडा खडबडीत केला होता, म्हणजे त्यात १६५, २२०, २७५, ३३० हे पटीतले स्वर मिसळले होते. यांतले वरचे मोबाईल कसेबसे वाजवतो. लागोपाठच्या स्वरांत ५५ चे अंतर आहे हे मेंदू हेरतो, आणि जो स्वर हवेत नाहीच तो आपला आपण भरून काढतो. मुलगा थोडा वेळ मोबाईल कानाशी धरून बसला, मग म्हणाला, "आईला ऐकवून बघतो."