नाव एकच, यंत्रे निरनिराळी

कार्यालयासाठी, शाळेसाठी अथवा ग्रामपंचायतीसाठी लॅपटॉप घ्यावयाचा झाल्यास कोणत्या कंपनीचा घ्यावा याची पुष्कळ चर्चा होते. कंपनी निश्चित झाल्यावर तिच्याच एकसारख्या दिसणाऱ्या यंत्रांपैकी नेमके कोणते घ्यावे, हा प्रश्न मात्र गौण मानला जातो. वस्तुतः गफलत होते ती येथेच.

लेनोव्हो कंपनीच्या थिंकपॅडचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९२ मध्ये आयबीएमने सुरू केलेली ही मालिका २००५ मध्ये लेनोव्होकडे आली. तिच्यात २०२० साली ‘टी-१४’ आणि ‘टी-१४एस’ ही दोन यंत्रे निघाली. दोहोंचा पडदा चौदा इंचांचा, रंग काळा, कळफलकही जवळजवळ सारखाच. ‘एस’ वजनाने थोडा हलका, म्हणून प्रथमदर्शनी तोच सरस वाटतो. परंतु त्यात नेटवर्कची तार थेट जोडता येत नाही. त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागतो. त्याहून महत्त्वाचा भेद आत दडलेला आहे. ‘एस’मधील संपूर्ण रॅम मुख्य फलकावर डाखाने पक्की केलेली असते. टी-१४ मध्ये काही रॅम अशीच पक्की असली, तरी आणखी एक पट्टी बसविण्यास खाच ठेवलेली आहे. आठ जीबीचे यंत्र चार वर्षांनी अपुरे पडू लागले, तर टी-१४ मध्ये पट्टी घालून काम भागते. ‘एस’मध्ये तो मार्गच नाही. फलक बदलण्याचा खर्च सहसा परवडत नाही.

तेव्हा टी-१४ मागवावा, असे ठरवून मोकळे होता येते काय? तसेही नाही. २०२३ च्या चौथ्या पिढीतील टी-१४ इंटेलच्या प्रोसेसरसह घेतल्यास खाच मिळे. एएमडीच्या प्रोसेसरसह घेतल्यास सारी रॅम पक्की! २०२४ च्या पाचव्या पिढीत पुन्हा दोन खाचा आल्या. नाव तेच राहिले, अंतरंग पालटत गेले. यास्तव मागणीपत्रात पिढी व प्रोसेसरचा प्रकार यांसह यंत्राचा प्रकार-क्रमांक नमूद करणे इष्ट होय. थिंकपॅडच्या तळाशी तो छापलेला असतो आणि माल ताब्यात घेताना त्यावरून पडताळणी करता येते.

पडद्याच्या बाबतीतही एकाच नावाखाली भिन्न दर्जा संभवतो. पहिल्या पिढीच्या टी-१४ ला २५० निट तेजाचा पडदा मिळे, तसाच ४०० निटचाही. खिडकीशेजारी बसून दिवसभर नोंदी करणाऱ्या लिपिकाला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. दरपत्रकात मात्र तो एखाद्या ओळीत उरकलेला असतो. पडदा नंतर बदलता येतो खरा, पण कार्यालये तो क्वचितच बदलतात.

याउलट, अधिक वेगवान प्रोसेसरसाठी हौसेने जादा पैसे मोजले जातात. पत्रव्यवहार, हिशेब व ऑनलाइन अर्ज एवढेच काम असल्यास तो वेग बहुधा वापरलाच जात नाही. तीच रक्कम आठऐवजी सोळा जीबी रॅमवर खर्च केलेली बरी. विशेषतः जेथे ती मागाहून वाढविता येणार नाही, तेथे खरेदीच्या वेळीच हा निर्णय घ्यावा लागतो.