३, ४, ५ आणि एक गेट

कर्जत-नेरळ रस्त्याने जाताना मोजून बघा. फार्महाउसची गेटं, पत्र्याच्या शेड, जिन्याचे कठडे. वेल्डरचं काम इथे बारा महिने निघतं. पुढे खोपोलीत पोलादाचे कारखाने, नेरळला माथेरानच्या गाडीची लोको शेड. तरीही मुलाने ‘वेल्डिंग शिकतो’ म्हटलं की घरात शांतता पसरते. रोज पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्या बापाला वाटतं, आपण हे सगळं केलं ते पोराने काळे हात करून घ्यावेत म्हणून का?

ही भीती मला खोटी वाटत नाही, पण तिचा पत्ता चुकलाय. भीती असावी ती कुणाच्या तरी दुकानात ‘बघून बघून’ शिकण्याची. तिथे पोरगा तोंडावर वेल्डिंगची काच न धरता उभा राहतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळतो. अठराच्या आत धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्यानेही बंदी आहे.

शाळेत शिकणं वेगळं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची मुलंमुली आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. शेती, वीज, स्वयंपाकघर आणि वर्कशॉप, सगळं सगळ्यांना. मुलीही वेल्डिंग करतात.

पहिल्या दिवशी प्रत्येकाचा रॉड चिकटतो. लांब धरला तर आर्क तुटतो, टेकवला तर चिकटतो. मधलं दोन-तीन मिलिमीटरचं अंतर हातात बसायला दिवस जातात. मग तीन फूट बाय चार फुटांची चौकट. चार कोपऱ्यांना नुसते टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते टाके, मारायचे आणि टेप लावायचा. दोन्ही कर्ण पाच फूट आले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात. नाही आले तर ठोकून सरळ करायची, मगच पक्कं वेल्ड, कारण उष्णतेने लोखंड ओढलं जातं. पायथागोरस फळ्यावर न कळलेला पोरगा इथे कर्ण दोनदा मोजतो.

आता प्रवेशाचं. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पासवरही मिळतो. फिटर दोन वर्षांचा, त्याला दहावी लागते. फरक नुसत्या वर्षाचा नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. म्हणून दहावी सोडवून वेल्डरला घालण्याची घाई मला पटत नाही. पोरगा अभ्यासात बरा असेल तर फिटर घ्या, वेल्डिंगचा हात तिथेही बसतो.

फॉर्म भरण्याआधी जवळच्या आयटीआयचं वर्कशॉप चालू असताना जाऊन या. किती मशीन चालू आहेत, रॉड मुलांना मिळतात का, प्रत्येकाच्या तोंडावर काच आहे का, एवढं बघा. पोराला सोबत न्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या.