'शुगर फ्री' म्हणजे किती साखर?

लेख वाचायला घेण्यापूर्वी घरातला एखादा बिस्किटांचा पुडा किंवा फळांच्या रसाचा खोका जवळ आणून ठेवा. रिकामा असला तरी चालेल. आपले काम वेष्टनाशी आहे. वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर कंपनी हौसेने लिहिते. मागच्या बाजूवरचे बारीक अक्षरांतले कोष्टक कायद्याने लिहावे लागते. आपण मागूनच सुरुवात करू.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार या कोष्टकात कर्बोदकांच्या खाली 'टोटल शुगर्स' आणि 'ॲडेड शुगर्स' असे दोन आकडे येतात. दोन कशाला? दुधाचे उदाहरण घ्या. १०० मिलिलिटर दुधात साडेचार ते पाच ग्रॅम दुग्धशर्करा मुळातच असते. म्हणजे बिनसाखरेच्या दुधाची एकूण शर्करा पाचच्या आसपास आणि वरून घातलेली शून्य!

आता शर्करा कशाला म्हणायचे ते पाहू. मण्यांची माळ डोळ्यांपुढे आणा. द्राक्षशर्करा आणि फलशर्करा हे सुटे मणी. आपली नेहमीची साखर म्हणजे या दोन मण्यांची जोडी, दुग्धशर्कराही जोडीच. गहू, तांदूळ, बटाटा यांतले पिष्ट ही मात्र द्राक्षशर्करेच्या शेकडो-हजारो मण्यांची लांब माळ असते. कोष्टकातल्या 'शुगर्स'च्या ओळीत फक्त सुटे मणी आणि जोड्या मोजतात. लांब माळ तिथे धरली जात नाही. ती वरच्या कर्बोदकांच्या ओळीत असते. हा नियम नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी गंमत त्यातच आहे.

पोटाला हा नियम ठाऊक नसतो. पोळीचा कोरडा तुकडा तोंडात घेऊन दोन-तीन मिनिटे चावत राहा. हळूहळू तो गोड लागू लागेल. लाळेतले विकर माळ तोडून जोड्या मोकळ्या करते. उरलेले काम लहान आतड्यात होते आणि सुटे मणी रक्तात जातात.

आता दर्शनी बाजूकडे वळू. २०१८ च्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त शर्करा नसेल, तरच 'शुगर फ्री' लिहिता येते. 'लो शुगर'साठी मर्यादा घन पदार्थाला ५ ग्रॅम आणि द्रवाला अडीच ग्रॅम. या मापाने साधे दूधसुद्धा 'लो शुगर' ठरत नाही!

समजा, तुमच्या आजोबांना मधुमेह आहे आणि त्यांच्यासाठी 'शुगर फ्री' बिस्किटे आणली आहेत. कोष्टकात १०० ग्रॅमला शर्करा ०, पण कर्बोदके ६८ ग्रॅम आहेत. चार बिस्किटांचे वजन ३० ग्रॅम भरले, तर कर्बोदके झाली सुमारे २० ग्रॅम. त्यातले थोडे तंतू आणि गोडीसाठी घातलेले माल्टिटॉलसारखे पदार्थ वगळले, तरी बाकीचे मैद्याचे पिष्टच. त्याची द्राक्षशर्करा होऊन ती आजोबांच्या रक्तात जाणारच. वेष्टनावर खोटे काहीच लिहिलेले नाही, पण 'यात साखर नाही' म्हणून आजोबांनी अर्धा पुडा संपवला, तर रक्ततपासणीत ते दिसेल. त्यांच्यासाठी पाहायची ओळ कर्बोदकांची. घटकांच्या यादीत 'माल्टोडेक्स्ट्रिन' दिसले तर तीही माळच समजा, फक्त आखूड केलेली.

'नो ॲडेड शुगर'ची तऱ्हा निराळी. इथे शर्करा वरून घातलेली नसते. साखरेऐवजी आटवलेला फळांचा रस घालायलाही परवानगी नाही. पण मुळातली शर्करा कुठे जाते? द्राक्षाच्या रसात १०० मिलिलिटरला सुमारे १४ ग्रॅम शर्करा असते. साध्या गोड कोला पेयात साधारण १० ते ११! २०० मिलिलिटर रसातून २८ ग्रॅम शर्करा पोटात जाते, म्हणजे जवळजवळ सहा लहान चमचे.

दिवसाला किती चालेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, मोकळ्या शर्करेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, पाच टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. २००० किलोकॅलरींचे दहा टक्के २००. एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी, म्हणून ५० ग्रॅम. पाच टक्क्यांचे २५. मोकळ्या शर्करेत मध आणि फळांचा रस धरतात. अख्खे फळ आणि दूध यांतली शर्करा धरत नाहीत. म्हणून 'ॲडेड शुगर्स ०' लिहिलेला तो रसाचा खोका या हिशेबात २८ ग्रॅम धरायचा.

आता एक गणित वहीत सोडवा. दुधात घालायच्या एका चॉकलेटी पावडरीच्या डब्यावर १०० ग्रॅमला टोटल शुगर्स ३५ ग्रॅम आणि ॲडेड शुगर्स ३० ग्रॅम असे लिहिले आहे. तुम्ही दिवसातून दोनदा, दर वेळी २० ग्रॅम पावडर १५० मिलिलिटर दुधात घालून पिता. त्यातून मोकळी शर्करा किती मिळाली आणि दुधाची किती? वरून घरची साखर घालत असाल, तर तिचा हिशेब डब्यावर सापडणार नाही. चमचे मोजून तो तुम्हीच मिळवा.