कॉर्गीचे पिल्लू घरी आणण्यापूर्वी

या आरोग्याच्या सदरात कुत्र्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण लहान मूल आणि कुत्र्याचे पिल्लू एकाच सतरंजीवर लोळू लागले, की दोघांच्या आरोग्याचा विचार वेगवेगळा करता येत नाही. मी पशुवैद्य आहे. अलीकडे दवाखान्यात गाई-म्हशींच्या तक्रारींबरोबर कॉर्गीची चौकशीही येऊ लागली आहे. मुलांनी मोबाईलवर ते आखूड पायांचे, मोठ्या कानांचे पिल्लू पाहिलेले असते आणि आईवडील विचारायला येतात, "डॉक्टरसाहेब, हे आपल्याकडे जगेल का?" जगते. पण कोणते पिल्लू घेता आणि कुठून घेता, यावर बरेच अवलंबून आहे.

कॉर्गी मूळचा ब्रिटनमधील वेल्स प्रांताचा. वेल्श भाषेत या नावाचा अर्थच मुळी 'बुटका कुत्रा' असा सांगतात. पेम्ब्रोक आणि कार्डिगन या त्याच्या दोन जाती. आपल्याला फोटोत दिसतो तो बहुधा पेम्ब्रोक. राणी एलिझाबेथ यांना 1944 साली अठराव्या वाढदिवशी सुझन नावाची कॉर्गी भेट मिळाली आणि तेव्हापासून ही जात राजवाड्याची म्हणून प्रसिद्ध झाली. मात्र वेल्समधील शेतकऱ्याने हा कुत्रा पाळला तो गुरे हाकण्यासाठी. बुटका असल्याने गाईची लाथ डोक्यावरून जायची आणि हा तिच्या टाचेला चावा घेऊन तिला पुढे काढायचा. दहा-बारा किलो वजनाच्या या प्राण्यात ती सवय अजून आहे. आपल्या अंगणात गाई नसल्या तरी पळणारी मुले असतात! तेव्हा घरात तीन-चार वर्षांचे मूल असेल, तर पिल्लाला पहिल्या आठवड्यापासून टाच न धरण्याचे वळण लावावे लागते. चावा दिसला की खेळ थांबवायचा, ओरडाआरडा करायची नाही.

येथे एक गोष्ट ठासून सांगतो. खेळताना दात लागून कातडी सोलली गेली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. 'पिल्लूच आहे, त्याला कुठला रेबीज' हा समज घातक आहे. दोन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. पिल्लाला ही लस तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात आणि पुढेही वेळच्या वेळी द्यावी लागते.

आता पाठीबद्दल. ज्या जनुकीय वारशाने कॉर्गीचे पाय आखूड राहतात, त्याच्याच जोडीने मणक्यांमधील गाद्या लहान वयात कडक होऊ लागतात. कॉटवरून उडी, जिन्याची चढउतार आणि वाढलेले वजन यांनी गादी सरकते. कुत्रा एकदम केकाटतो, पाठ वर करून उभा राहतो किंवा मागचे पाय ओढू लागतो. अशा वेळी मालिश करत बसू नये, तासाभराचीही दिरंगाई न करता दवाखाना गाठावा. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, लिफ्ट नसलेल्या कुटुंबाला मी म्हणूनच कॉर्गी घेऊ नका असे सरळ सांगतो. उतारवयात मागील पाय हळूहळू, न दुखता लुळे पडण्याचा आणखी एक आनुवंशिक विकार पेम्ब्रोकमध्ये आढळतो. त्याची जनुकीय चाचणी निघालेली आहे. आईबापांपैकी एक जरी चाचणीत पूर्ण निर्दोष असेल, तर पिल्लाला हा धोका जवळजवळ राहत नाही. विक्रेत्याकडे हा अहवाल जरूर मागावा. तो वंशावळीचा कागद पुढे करील. त्यावरून कूळ कळते, प्रकृती कळत नाही.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती वयाची. आपल्याकडे 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. तरीही माझ्याकडे एका शिक्षक कुटुंबाने आणलेले पिल्लू कागदावर दोन महिन्यांचे होते आणि तोंड उघडले तर दुधाच्या काही दाढा अजून फुटायच्या होत्या. म्हणजे वय फार तर पाच आठवडे. शहरातल्या विक्रेत्याकडून केवळ फोटो पाहून, आगाऊ पैसे भरून ते मागवलेले. चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो! सलाईन लावले, औषधे दिली, पण पिल्लू हाती लागले नाही. घरातली धाकटी मुलगी दोन दिवस जेवली नव्हती, असे तिची आई सांगत होती. हा रोग माणसाला होत नाही. पण त्याचा विषाणू घरात अनेक महिने टिकून राहतो, त्यामुळे दुसरे लहान पिल्लू आणण्याचीही त्यांना सोय राहिली नाही.

म्हणून पिल्लू स्वतः जाऊन पाहावे आणि त्याच्या आईसह पाहावे. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर तिथून परत फिरावे. आई माणसाला पाहून गुरगुरत किंवा कोपऱ्यात दडत असेल, तर तोच स्वभाव पिल्लात उतरण्याचा संभव असतो. पिल्लू फरशीवर चालवून पाहा. हिरड्या गुलाबी, डोळे-नाक कोरडे, शेपटीखालची जागा स्वच्छ हवी. बेंबीपाशी गाठ आहे का हे बोटाने चाचपावे. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि फासळ्या वर आलेल्या असतील, तर ते बाळसे नव्हे, जंत आहेत.

हे जंत आईच्या पोटातूनच पिल्लाला लागतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात. क्वचित त्यातून मुलाच्या डोळ्यालाही इजा होते. यासाठी पिल्लाला दोन आठवड्यांचे असल्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंताचे औषध द्यावे. विष्ठा रोजच्या रोज उचलावी, मुलांचे हात साबणाने धुवावेत.

कॉर्गीच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. उन्हाळ्यात तो भादरू नये, रोज विंचरावा. मार्च ते जूनपर्यंत फिरायला पहाटे किंवा रात्रीच न्यावे. खायला मात्र घरातले प्रत्येक जण बिस्कीट, तूप-पोळी देते, आणि हा कुत्रा कधीही नाही म्हणत नाही. कांदा, मनुका आणि चॉकलेट तर त्याला विषच. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर बोटांना लागाव्यात, एवढेच वजन ठेवावे. पिल्लू आणाल त्या दिवशी शेजाऱ्यांकडे मिरवण्याआधी पशुवैद्याकडे न्या, आणि विक्रेत्याने दिलेले लसीचे कार्ड सोबत ठेवा. त्यावर लसीच्या बाटलीचे लेबल चिकटवलेले आणि डॉक्टरची सही नसेल, तर लस झालीच नाही असे धरून आम्ही नव्याने सुरुवात करतो.