फिरते प्रदर्शन

आपल्या जालना जिल्ह्यात केळणा नदीच्या काठी भोकरदन हे तालुक्याचे गाव आहे. त्याचे जुने नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी उज्जैन-पैठण वाटेवरचे व्यापारी येथे थांबत. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. उत्खनन म्हणजे जुन्या वस्तूंच्या शोधासाठी जमीन जपून खणणे. तेव्हा एका स्त्रीची लहानशी हस्तिदंती मूर्ती मिळाली.

आता नवल पाहा. इटली देशातले पॉम्पेई शहर सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली अशाच घडणीची मूर्ती निघाली होती. ती आपल्याच मुलखातून गेली असावी, असे काही जाणकार म्हणतात. दूरदूरच्या वस्तू शेजारी मांडल्या, की त्या अशा बोलू लागतात. प्रदर्शन भरवतात ते यासाठीच.

भोकरदनच्या उत्खननातील वस्तू छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात ठेवल्या आहेत. हे आम्ही रात्रीच्या वर्गात सांगितले. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, वस्तू आमच्या मातीतली. अन् ती बघाया आम्हीच भाडं भरून जायाचं व्हय?"

प्रश्न खरा होता. आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, "आजी, हस्तिदंत नाजूक. ऊन-पावसाने त्याला तडे जातात. म्हणून ते जपून ठेवावे लागते. पण त्याची हुबेहूब प्रतिकृती आणि चित्रे गावोगाव फिरू शकतात."

असे घडतेही आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली प्रदर्शनाची बस सुरू केली. ती शाळांत आणि गावांत जाते. लोक आत चढतात, वस्तू पाहतात, प्रश्न विचारतात. एक विषय झाला, की दुसरा मांडतात.

पण न बोलावता कोण येणार? मागावे लागते. मागायला अर्ज लागतो. पूर्वी आपण अर्जावर अंगठा उठवत होतो. आता आपल्याला लिहिता येते.

आजींनी पहिली ओळ लिहिली: "आमच्या गावातील वस्तू आम्हांला दाखवा." अक्षर वाकडे होते, मागणी सरळ होती.

अभ्यास

१. भोकरदनचे जुने नाव लिहा.
२. प्रदर्शनात वस्तू शेजारी का मांडतात?
३. आपल्या गावात फिरते प्रदर्शन यावे, म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज लिहा. खाली स्वतःची सही करा.