डोळ्यांच्या डॉक्टरांना हिमोग्लोबिन कशाला हवं?

प्रश्न : वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तारापूर एमआयडीसीतून नुकतेच निवृत्त झाले. नजर धूसर झाली म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तर डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि सीबीसी करायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. साखर डोळ्यांवर जाते हे ऐकलं होतं; रक्त कमी असण्याचा डोळ्यांशी काय संबंध?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : पापणी आतून फिकट दिसली असणार. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया, ९.८ तर बरंच कमी.

डोळ्याचा पडदा प्राणवायूच्या बाबतीत भलता खादाड. मधुमेहात त्याच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या आधीच बुजत, पाझरत असतात. त्यात जे रक्त पोचतं त्यातही प्राणवायू तुटपुंजा! मग उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या इतक्या नाजूक असतात की जरा निमित्त झालं की डोळ्यात रक्त उतरतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत ३,७११ रुग्णांवर झालेल्या ईटीडीआरएस चाचणीतही लाल पेशी कमी असलेल्यांचा पडदा जास्त बिघडताना दिसला.

पण म्हणून मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून मोकळे होऊ नका. रक्त कशानं कमी झालं ते आधी शोधा. मधुमेहात किडनी आणि पडदा बरेचदा जोडीनं बिघडतात, आणि रक्त बनवण्याचा निरोप किडनीच धाडते. तेव्हा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ पाहा. मूळव्याध किंवा आतड्यातून रक्त जात असेल, तर तेही या वयात लपवून चालत नाही.

आपल्या पालघरच्या आदिवासी पाड्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे सिकलसेल. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. या आजारात ती लवकर मरते, तिच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही. मग ‘तीन महिन्यांची साखर’ खोटीच छान दिसते. लोह कमी असेल तर उलट, ती फुगून येते. म्हणून ॲनिमिया असताना एकट्या एचबीए१सीवर विसंबू नका, ग्लुकोमीटरचे आकडेही वहीत लिहा.

पडद्याची तपासणी मात्र रक्ताच्या रिपोर्टांसाठी लांबवू नका. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास उजेड सोसवत नाही, तेव्हा वडिलांना गॉगल द्या आणि येताना स्कूटर तुम्ही चालवा.